नाद रेट्रोचा, हिशोब गावाचा

गोल दिवे, गोबरे गाल आणि जुन्या जमान्याची अदा! सेकंडहॅण्ड बाजारातल्या बुटक्या, गोंडस रेट्रो गाड्या भल्याभल्यांना भुरळ घालतात. पण ही गाडी पुण्यातल्या पार्किंगसोबत महिन्यातून दोनदा कुंडलच्या दारातही उभी राहणार असेल तर? मग निवड जरा वेगळी करावी लागते.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाका. पांढरी एसयूव्ही, शेजारी पांढरी एसयूव्ही, पलीकडे करड्या रंगाची एसयूव्ही. चावीचं बटण दाबून ‘टुक’ आवाज कुठून येतो ते ऐकल्याशिवाय आपली कोणती तेच कळत नाही. अशा गर्दीत एखादी गोल दिव्यांची, पुढून हसल्यासारखी दिसणारी ठेंगणी गाडी येते आणि अख्खं पार्किंग वळून बघतं. सिक्युरिटीवाले काकासुद्धा! बस्स, तिथेच डोक्यात किडा वळवळायला लागतो.

नवी घ्यायची तर यातल्या बहुतेक गाड्यांच्या किमती ऐकूनच घाम फुटतो, आणि काही तर आता नव्या मिळतच नाहीत. त्यामुळे मोर्चा वळतो तो सेकंडहॅण्डकडे. तिथे फोटो झकास असतात, किंमतही आवाक्यातली वाटते, आणि मन ‘घेऊनच टाकू’ म्हणायला लागतं.

थांबा. इथे स्टोरीत एक ट्विस्ट आहे. हिंजवडीपासून खराडीपर्यंत नोकऱ्या करणारे आपल्यातले कितीतरी जण मूळचे सांगली-साताऱ्याकडचे. उदाहरणादाखल कुंडल घेऊ. पलूस तालुक्यातलं हे गाव क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र होतं, कुस्त्यांच्या मैदानासाठी त्याचं नाव आहे, आणि त्याला खेटून किर्लोस्करवाडी आहे. पुण्याहून अंतर साधारण दोनशे किलोमीटर. कऱ्हाडला हायवे सोडला की पुढे ऊस, स्पीडब्रेकर आणि गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर.

पुण्यात गाडी म्हणजे तुमचं स्टाइल स्टेटमेंट. गावात मात्र तीच गाडी आजीला तासाभरावरच्या मिरजेच्या दवाखान्यात नेते, लग्नाच्या हंगामात पाहुणे आणते आणि वेळप्रसंगी मागच्या सीटवर खताची पोतीही घेते. तिथे तिला कुणी ‘क्यूट’ म्हणणार नाही. ‘चालू हुती का?’ एवढंच विचारलं जाईल. म्हणून गाडी निवडताना दोन्ही दारांचा विचार करायचा.

जुनी की जुन्यासारखी?

आधी एक गोंधळ दूर करू. रेट्रो म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या दोन जातीच्या. एक खरीखुरी जुनी, दुसरी नव्या सांगाड्यावर जुना चेहरा चढवलेली.

दुसऱ्या जातीची लाट जगात जोरात आली ती १९९०च्या दशकाच्या शेवटी. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये ‘न्यू बीटल’ बाजारात आणली. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये १९५९ च्या ‘मिनी’ला नवा जन्म दिला. फियाटने तर तारीखही जुळवली. जुनी ‘५००’ इटलीत आली ती ४ जुलै १९५७ रोजी. नवी आली ती बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ ला! आजोबांच्या जमान्याचा चेहरा आणि नातवाच्या जमान्याचा एसी, हा फंडा लोकांना भलताच आवडला.

भारतात ‘५००’ २००८ मध्ये आली, बीटल २००९ च्या डिसेंबरात आणि मिनी २०१२ मध्ये. सेकंडहॅण्ड बाजारात आज फिरतात त्या प्रामुख्याने याच.

पद्मिनी : आपल्या घरची रेट्रो

पण परदेशी पाहुण्यांकडे बघण्याआधी घरातल्या थोरलीकडे बघायला हवं. प्रीमियर पद्मिनी! लोक तिला कायम ‘फियाट’च म्हणत आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून इंजिनीअर झालेल्यांनी लक्षात घ्यावं, डिग्रीवरचं नाव त्याच वालचंदांचं आहे.

१९५०च्या दशकातली ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ पासूनची ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून तिचंच ‘पद्मिनी’ हे नामकरण. या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती नंतरही धावत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली.

आता गंमत बघा. सरकारने २००६ मध्ये ‘छोटी गाडी’ ठरवण्यासाठी माप लावलं. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी. पद्मिनीची लांबी चार मीटरपेक्षा कमी, इंजिन १०८९ सीसी. म्हणजे कॉम्पॅक्ट कार हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांतून कॉम्पॅक्ट कार धावत होती, आणि तिच्यात सहा-सात माणसं कोंबून बसत होती.

कुंडलच्या दृष्टीने पद्मिनीचा सर्वांत मोठा प्लस पॉइंट म्हणजे ती सगळी लोखंडाची आहे. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग, चोक, संपला कारभार. आणि लोखंडाशी या भागाची जुनी दोस्ती. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये इथल्या माळावर कारखाना आणला, तेव्हा शेजारच्या रेल्वे स्टेशनचं नाव ‘कुंडल रोड’ होतं. त्याचं ‘किर्लोस्करवाडी’ नंतर झालं. वाडीच्या कारखान्यामुळे लेथ, वेल्डिंग, ओतकाम जाणणारा माणूस शोधायला इथे फार फिरावं लागत नाही. एखादा बुश मिळत नसेल तर नमुना दाखवून करून घेता येतो.

मग अडचण काय? एक म्हणजे वय. सर्वांत तरुण पद्मिनीदेखील आता वीस वर्षांच्या पुढे आहे. इंजिन दुरुस्त होतं, पण फरशीचा आणि दारांच्या खालच्या कडेचा सडलेला पत्रा पैसे खातो. दुसरी अडचण सुरक्षेची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. ताशी शंभरने धावणाऱ्या कंटेनरच्या रांगेत, आईवडिलांना घेऊन, रात्रीच्या वेळी हायवेवर ती काढायची का, याचं उत्तर भावनेच्या भरात देऊ नका.

तिसरी अडचण अगदी अलीकडची. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, ई-२०. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या, डायफ्राम, वॉशर यांना हळूहळू खराब करतं. ज्या उसावर आपलं गाव उभं आहे, त्याच उसाचा अर्क म्हाताऱ्या फियाटला बाधतो! उपाय आहे. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचं किट इथेनॉलला टिकणाऱ्या मटेरियलचं बसवून घ्यायचं आणि गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करायची नाही. पण हा खर्च विकत घेण्याच्या किमतीत धरायला हवा.

थोडक्यात, पद्मिनी ही दुसरी गाडी म्हणून झकास. एकुलती एक गाडी म्हणून मात्र दहादा विचार करा.

पाचशे, मिनी, बीटल : परदेशी पाहुण्या

आता त्या गोबऱ्या गालांच्या सुंदऱ्यांकडे येऊ. ‘फियाट ५००’ भारतात आली तेव्हा तिची किंमत होती सुमारे १५ लाख. त्या वेळच्या डिझेल स्विफ्टच्या जवळपास तिप्पट! त्यामुळे ती फारशी खपली नाही. पण तिच्या बॉनेटखाली एक गुपित आहे. भारतात आलेल्या त्या पहिल्या ‘५००’मध्ये १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन होतं. डिझेल स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ‘डीडीआयएस’ या नावाने तेच घराणं होतं, इंडिका व्हिस्टामध्येही तेच. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की गमतीने त्याला भारताचं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटलं जायचं. म्हणजे ज्या इटालियन बाईसाहेबांना हात लावायला गावातला मिस्त्री बिचकतो, तिचं हृदय त्याने आयुष्यात शेकडो वेळा उघडलेलं असतं! सगळे सुटे भाग तंतोतंत जुळतील असं नाही, पण इंजिनाचा स्वभाव त्याच्या ओळखीचा.

म्हणजे ‘५००’ घ्यावी? गोची इंजिनात नाहीच. ती आहे काचेत, दिव्यांत, बंपरमध्ये. फियाटने २०१९ मध्ये भारतात स्वतःच्या नावाच्या गाड्या विकणं थांबवलं. ‘५००’ तर पूर्ण तयार होऊनच परदेशातून यायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला ऊस घासून मागचा दिवा फुटला, तर तो सांगलीत मिळणार नाही आणि लेथवर करूनही मिळणार नाही.

मिनी आणि बीटलची कथा याच्याही पुढची. मिनी चालवायला बेफाट मजा येते, याबद्दल दुमत नाही. पण तिचं सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरात. बऱ्याच मिनींमध्ये स्टेपनी नसते. हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात. ते ‘काही अंतर’ मोठ्या शहरात पुरतं. कऱ्हाड ओलांडल्यावर रविवारी संध्याकाळी टायरची बाजू फाटली, तर त्या मापाचा टायर आणायचा कुठून? २००९ ची बीटल लांबीला चार मीटरच्या थोडी पुढे जाते आणि तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून बसायला खुर्ची लागेल.

आणि या तिघींचा एक कॉमन प्रॉब्लेम आहे, जो शोरूमच्या फोटोत कधीच दिसत नाही. दरवाजे! ‘५००’ला दोन, बीटलला दोन, मिनीच्या मूळ अवतारालाही दोनच. पुढची सीट दुमडून मागे शिरायचं. कॉलेजच्या पोरांना ते जमतं. गुडघे धरलेल्या आजीने काय करायचं? गावात पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल, ‘आरं, मागं बसायचं कुठनं? ह्येला मागचं दारच न्हाई की!’ या एका वाक्यापुढे इटलीचं सगळं डिझाइन फिकं पडतं.

इग्निस : खिशाला झेपणारी रेट्रो

मधला रस्ता आहे का? आहे, आणि तो अनेकांच्या लक्षातच येत नाही. मारुतीची ‘इग्निस’. जानेवारी २०१७ मध्ये ती आली तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण तिच्या मागच्या खांबावरच्या त्या तीन तिरक्या रेघा नीट बघा. १९७०च्या दशकातल्या सुझुकीच्या छोट्या कूपे गाड्यांची ती आठवण आहे. बॉनेटची ठेवणही जुन्या सुझुकीची. म्हणजे हीसुद्धा जुन्या जमान्याला सलाम करणारी गाडी, फक्त तिने त्याचा गाजावाजा केला नाही.

चार खरेखुरे दरवाजे, लांबी ३.७ मीटर, जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर. शेतातल्या रस्त्यावर पोट घासत नाही. पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं, जे मारुतीच्या अर्ध्या गाड्यांत आहे. पार्ट सांगलीत सहज मिळतो. २०१७-१८ च्या काही इग्निस डिझेल आहेत. त्यांच्यात तेच मल्टिजेट घराण्याचं इंजिन आहे. म्हणजे ‘५००’चं हृदय हवं असेल तर ते इथेही मिळतं!

तोटाही सांगायला हवा. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये केलेल्या धडक चाचणीत इग्निसला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. पद्मिनीच्या तुलनेत ती कितीतरी पुढची असली, तरी गाडी भरून हायवेला ऐंशीच्या वर उडवायची गाडी ही नव्हे. पाय हलका ठेवा.

कृष्णेचं पाणी प्यालेली गाडी

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातून गाडी घेत असाल तर इथली खास तपासणी चुकवू नका. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. त्यात दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. काहींचा विमा मिळाला, काही धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. अशी गाडी वर्षभर गुणी मुलासारखी चालते आणि मग एकेक वायर गंजून रुसायला लागते.

ओळखायची कशी? पायाखालचं कार्पेट उचला आणि खालच्या फोमला हात लावा. सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ बसलेला असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातकट रेघ दिसली की समजायचं. आणि आतून भरमसाट सेंटचा वास येत असेल, तर तो कशावर पांघरूण घालतोय ते विचारा.

सातबारा बघता, तशी आरसी बघा

गावाकडे जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा काढतो, नाव बघतो, बोजा बघतो. गाडीला नेमकं हेच करायचं. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन असेल तर तो बोजाच. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल, म्हणजे एमएच-१२ पासिंगची गाडी कायमची एमएच-१० च्या हद्दीत न्यायची असेल, तर फॉर्म २८ ची एनओसी. नुसत्या सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी फिरवण्याची आपल्याकडची सवय सोडा. अपघात झाला तर जुना मालक आणि तुम्ही, दोघंही कोर्टाच्या पायऱ्या चढाल.

आता वयाचा हिशोब. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. केंद्राने एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी वाढवली. साध्या मोटारीला ५ हजार रुपये आणि परदेशातून आयात केलेल्या मोटारीला तब्बल ४० हजार. वीस वर्षं उलटलेल्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार झाली. २००८-०९ ची ‘५००’ किंवा २०१० ची बीटल ‘स्वस्तात’ मिळतेय असं वाटत असेल, तर हा आकडा समोर ठेवा. मालक ती का विकतोय, याचं उत्तर कधीकधी इथेच सापडतं.

एक गैरसमज मात्र दूर करा. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी मोडीतच काढावी लागते, ही चर्चा दिल्ली आणि परिसराबद्दलची. महाराष्ट्रात फिटनेस पास झाली तर गाडी चालते. म्हणूनच दिल्लीकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण त्यांना तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी लागते; तो खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. पन्नास वर्षांपुढच्या गाडीची ‘व्हिण्टेज’ म्हणून नोंदणी करता येते, पण ती मिरवायला आणि रॅलीला. रोज भाजी आणायला नव्हे.

कुंडल टेस्ट

गाडी पसंत पडली? टोकन देण्याआधी एवढं करा.

१. गाडी सकाळी थंड असताना सुरू करून बघा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

२. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या सीटवर बसवा आणि उतरवा. हातधरणी लागली तर गाडी नापास.

३. चारजण बसवून स्पीडब्रेकरवरून न्या. खालून आवाज आला तर गावाचा रस्ता आठवा.

४. गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीला गाडीचं नाव आणि साल सांगा. तो ‘घेऊन ये’ म्हणाला तर चांगलं. त्याने नुसतीच मान हलवली तर त्या मान हलवण्याची किंमत लाखांत आहे.

५. मागचा दिवा, पुढची काच आणि एक टायर, या तीन गोष्टींचा भाव आणि मिळायला लागणारे दिवस विचारा. फोनवर दहा मिनिटांत उत्तर मिळालं नाही तर समजून जा.

६. गाडीच्या किमतीखेरीज वेगळी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. सगळी बचत खरेदीतच संपत असेल तर ती गाडी तुमच्या बजेटची नाही.

मग घ्यायची कोणती?

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत असाल, गावी दुसरी गाडी असेल आणि खिसा गरम असेल, तर ‘५००’ किंवा मिनीची हौस जरूर करा. हौसेला मोल नसतं. घरात एक भरवशाची गाडी आहे आणि रविवारी ऑइलने हात काळे करायची आवड आहे? पद्मिनीसारखी सोबत नाही. वाडीतला एखादा निवृत्त कामगार तुमच्यापेक्षा जास्त उत्साहाने बॉनेटमध्ये डोकं घालेल.

पण घरात एकच गाडी असणार असेल आणि तिलाच पुण्यातलं ऑफिस आणि गावाकडचे आईवडील दोन्ही सांभाळायचे असतील, तर चार दरवाजांची, सांगलीत पार्ट मिळणारी, जुन्या चेहऱ्याची इग्निस घ्या. उरलेल्या पैशांत तिला लाल रंग द्या, छत पांढरं करा आणि रंग बदलल्याची नोंद तेवढी आरसीवर करून घ्या. रात्री दोन वाजता मिरजेला जायची वेळ आली तर ती एका चावीत सुरू झाली पाहिजे. सिग्नलवर चार लोकांनी वळून बघितलं तर तो बोनस. नाद करायचाच, पण पुरवता येईल असा!